मुख नसलेला ज्वालामुखी

देहूरोड आणि तळेगाव यांच्या मध्ये, जुन्या मुंबई-पुणे महामार्गाच्या कडेला घोरावडेश्वराचा डोंगर आहे. श्रावणात तिथे गर्दी असते. एरवी शेजारच्या वसाहतींतले लोक पहाटे फिरायला म्हणून चढतात. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही मराठी विभागातले तिघे अध्यापक आणि आमचे पदव्युत्तर वर्गाचे विद्यार्थी हा डोंगर चढलो. निमित्त तुकोबांच्या अभ्यासपत्रिकेचे होते. भंडारा, भामचंद्र आणि घोरावडेश्वर हे तीन डोंगर परंपरेने तुकोबांच्या एकांताशी जोडलेले आहेत, आणि ते विद्यार्थ्यांनी डोळ्यांनी पाहावेत एवढाच आमचा साधा हेतू. मात्र वाटाड्या म्हणून आम्ही भूशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांना बोलावले आणि सहलीचा रंग बदलला. त्यांनी येण्यासाठी एकच अट घातली: पहिले दोन तास तुकोबांचे नाव कुणी काढायचे नाही, फक्त दगड पाहायचा.

पायथ्याशी उभे राहून ते म्हणाले, "आता आपण ज्वालामुखी चढायला सुरुवात करतो आहोत." वर्गात जरा हशा पिकला. मग एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ज्वालामुखी असेल तर याचं मुख कुठे आहे?" सर हसले आणि "वर गेल्यावर बोलू" म्हणून चालू लागले.

त्या प्रश्नाने आमचा पिच्छा सोडला नाही. पुढचे काही महिने आम्ही जे वाचले त्यावरून असे दिसले की हा प्रश्न त्या मुलीचा एकटीचा नव्हता. गेली सुमारे दोनशे वर्षे दख्खनचा दगड वाचू पाहणाऱ्यांपुढे तोच उभा होता. आणि त्याचे उत्तर मिळायला जो वेळ लागला, त्याला दगडाइतकीच भाषाही कारणीभूत होती. साहित्याच्या अध्यापकांनी या इतिहासात लुडबूड करण्याचे समर्थन करायचेच झाले, तर ते एवढेच.

प्रथम 'ज्वालामुखी' हा शब्दच पाहू. हिमाचल प्रदेशात कांगड्याजवळ ज्वालामुखी देवीचे प्रसिद्ध स्थान आहे. तिथे खडकांच्या भेगांतून नैसर्गिक वायू बाहेर येतो आणि त्याच्या ज्योती अखंड जळत असतात. तिथे लाव्हा नाही, राख नाही, भूशास्त्राच्या अर्थाने ज्वालामुखीही नाही. तरी अग्नी ओकणाऱ्या पर्वतासाठी आपण जो शब्द रूढ केला तो हाच. ज्वाला आणि मुख या दोन पदांनी आपल्या कल्पनेचा साचा ठरवून टाकला: ज्वालामुखी म्हणजे शंकूच्या आकाराचा एकटा पर्वत, त्याला एक तोंड आणि तोंडातून ज्वाळा. शालेय पुस्तकातली आकृती हाच साचा पक्का करते. आमच्या समीक्षेनेही त्यात भर घातली आहे. कुणा लेखकाच्या अंतरंगातला ज्वालामुखी 'उसळला' किंवा 'फुटला' असे आम्ही किती वेळा लिहिले असेल! त्या रूपकात उद्रेक नेहमी एकदाच होतो, अचानक होतो आणि वरच्या दिशेने होतो. दख्खनचा ज्वालामुखी यांतल्या एकाही अपेक्षेत बसत नाही. तो पुन्हा पुन्हा वाहिला, मध्ये दीर्घ विराम घेऊन वाहिला आणि आडवा पसरला. म्हणूनच त्याच्यावर राहूनही तो आपल्याला दिसत नाही.

युरोपातही काळ्या दगडाची ओळख सहज पटली नव्हती. १८व्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रायबर्गच्या खाण अकादमीतला विख्यात अध्यापक आब्राहाम वेर्नर बेसाल्ट हा खडक आदिम समुद्राच्या पाण्यातून साक्याच्या रूपात तयार झाला असे शिकवत होता. त्याच्या मताचे लोक 'नेपच्यूनवादी' म्हणजे जलवादी म्हणून ओळखले गेले. याच्या उलट फ्रान्समध्ये निकोला देमारे याने १७६३मध्ये ओव्हेर्न्य प्रांतात बेसाल्टचे स्तंभ पाहिले आणि तो जुन्या ज्वालामुखींचा लाव्हाच आहे हे ओळखले. हा वाद कित्येक वर्षे चालला. ज्याच्या आसपास मुख दिसत नाही तो दगड अग्नीतून आला हे पटवणे तिथेही कठीणच होते.

दख्खनच्या दगडाचे पहिले विस्तृत वाचन करणाऱ्यांत विल्यम हेन्री साइक्स (१७९०-१८७२) याचे नाव घ्यावे लागते. हा मुंबई इलाख्याच्या लष्करातला अधिकारी. १८२४मध्ये त्याच्याकडे दख्खनची सांख्यिकीय माहिती गोळा करण्याचे काम आले. पेशवाई संपून तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. नव्या राज्यकर्त्यांना मुलूख मोजायचा होता आणि त्या मोजणीत माणसे, पिके, पक्षी, पाऊस यांच्याबरोबर दगडही आला. साइक्सने दख्खनच्या भूरचनेवरचा आपला निबंध १८३३मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेत वाचला आणि १८३६मध्ये तो छापून आला. सपाट थर एकावर एक रचलेले असावेत आणि दऱ्यांनी तोडलेले असूनही पलीकडच्या डोंगरात त्याच उंचीवर पुन्हा दिसावेत, ही या प्रदेशाची ठळक खूण त्याने नोंदवली. 'ट्रॅप' हा शब्द दख्खनला चिकटला तो याच काळात. त्याचे मूळ पायरी किंवा जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दात आहे. म्हणजे 'डेक्कन ट्रॅप' या भारदस्त संज्ञेचा अर्थ फक्त 'दख्खनच्या पायऱ्या' असा होतो. सह्याद्रीतला कोणताही गुराखी हे नाव सहज देऊ शकला असता.

पायऱ्यांच्या मधल्या फटींत काय आहे, हे शोधण्याचे काम पुढच्या पिढीने केले. नागपूरला आलेला स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप याने नागपूरच्या आसपास, टाकळीसारख्या ठिकाणी, दोन लाव्हाथरांमधल्या गाळात गोड्या पाण्यातले शिंपले आणि वनस्पती यांचे जीवाश्म गोळा केले. आज त्याच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आहे आणि तिथून मराठीचे अनेक अभ्यासकही बाहेर पडले आहेत. या जीवाश्मांचा अर्थ मोठा होता. एक प्रवाह थिजला, त्यावर पाणी साचले, तळी झाली, त्यांत जीव वाढले, काठावर झाडे उगवली आणि मग पुढचा प्रवाह त्या सगळ्यावरून गेला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची स्थापना १८५१मध्ये झाली. त्या संस्थेच्या विल्यम ब्लॅनफर्डने १८६७मध्ये पश्चिम आणि मध्य भारतातल्या ट्रॅपवर सविस्तर लिहिले आणि हा लाव्हा समुद्राखाली नव्हे तर उघड्या जमिनीवर वाहिला, हे मत दृढ केले. याच सुमारास, १८६३मध्ये, बोरघाटातून रेल्वे वर चढली. बोगदे आणि खोदाई करताना दगडाच्या पोकळ्यांत झिओलाइटचे शुभ्र स्फटिक सापडले आणि ते युरोपातल्या संग्रहालयांत पोहोचले. घाट फोडणाऱ्या मजुरांच्या हातांतून ते गेले असणार, पण संग्रहालयाच्या चिठ्ठीवर मजुराचे नाव नसते.

तरीही मुख कुठे होते? या प्रश्नाचे उत्तर समजायला आइसलँडचे उदाहरण उपयोगी पडते. १७८३च्या जून महिन्यात तिथे लाकी नावाच्या ठिकाणी जमीन सुमारे २७ किलोमीटर लांब रेषेत उकलली. आठ महिने त्या भेगेतून लाव्हा येत राहिला. विषारी वायूंनी गुरे मेली, दुष्काळ पडला आणि आइसलँडच्या लोकसंख्येचा सुमारे पाचवा भाग नाहीसा झाला. तिथे एक पर्वत नव्हता, एक मुख नव्हते. होती ती एक भेग. दख्खनमध्येही तसेच घडले, मात्र त्याच्या कितीतरी पट मोठ्या प्रमाणावर. ज्या भेगांतून शिलारस वर आला त्या नंतर त्याच शिलारसाने भरून गेल्या. आज नर्मदा-तापीच्या परिसरात, कोकणपट्टीत आणि नाशिक-पुणे भागात त्या उभ्या काळ्या भिंतींसारख्या दिसतात. भूशास्त्रज्ञ त्यांना 'डाइक' म्हणतात. थिजलेल्या लाव्हाने आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापलेली आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. एवढ्या पसाऱ्यात 'मुख' शोधणे म्हणजे नदीच्या पुरात नळाची तोटी शोधणे होय.

आता पुन्हा घोरावडेश्वराच्या वाटेवर येऊ. चढता चढता सर आम्हांला थांबवत होते. एका प्रवाहाचे शरीर कसे ओळखायचे, हे त्यांनी तीन खुणांत सांगितले. लाव्हा वाहताना त्यातला वायू वर सरकतो, म्हणून प्रवाहाचा वरचा भाग बुडबुड्यांनी सच्छिद्र होतो. मधला गाभा सावकाश थंड होतो, म्हणून घट्ट आणि एकजीव राहतो. तळाशी पुन्हा थोडी भोके. पुढे त्या भोकांत पाण्याबरोबर आलेली खनिजे बसतात आणि काळ्या दगडावर पांढरे ठिपके उमटतात. घट्ट गाभा झिजत नाही, त्याचा उभा कडा होतो. सच्छिद्र भाग लवकर झिजतो, त्याची उतरती पायरी होते. कडा, पायरी, पुन्हा कडा: सह्याद्रीच्या आकाराचे सगळे व्याकरण एवढेच आहे. कधी दोन प्रवाहांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा येतो. ती दोन प्रवाहांमधल्या विरामाची खूण.

इथे तो प्रसंग घडला ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. सरांनी दोन ठिकाणचे दगड दाखवून विचारले, यांतला गाभ्याचा कोणता? आम्ही अध्यापक रंगावरून अंदाज बांधू लागलो. मागून आमचा एक विद्यार्थी पुढे आला, सरांच्या हातातली हातोडी घेऊन त्याने दोन्हींवर एकेक ठोका दिला आणि म्हणाला, "हा काळा पाषाण, वाजतोय बघा. हा मांजऱ्या, याच्यात पाणी धरतं." तो वडार कुटुंबातला. त्याचे आजोबा विहिरी खोदत आणि वडील दगडखाणीवर होते. सरांनी त्याला आणखी विचारले, तसा तो मोकळा झाला. मुरूम कुठे लागतो, कातळ कुठे सुरू होतो, गेरूचा थर आला की विहिरीची बाजू का सांभाळावी लागते, गारगोटी दिसली की पहार कशी धरायची, हे सगळे त्याने घडाघडा सांगितले. दोन वर्षे तो आमच्या वर्गात मागच्या बाकावर बसत होता. त्याला इतके बोलताना आम्ही पाहिले नव्हते, कारण त्याला बोलता येईल असा प्रश्न आम्ही कधी विचारलाच नव्हता.

भूशास्त्राच्या इतिहासातली एक गोष्ट यानंतर आम्हांला फार बोचली. आज जगभरचे अभ्यासक लाव्हाप्रवाहांचे दोन प्रकार सांगतात: 'पाहोएहोए' आणि 'आआ'. पहिला गुळगुळीत, दोरखंडासारख्या वळ्या पडलेला. दुसरा खडबडीत, तुटक्या कपच्यांचा. हे दोन्ही शब्द हवाई बेटांवरच्या लोकांचे आहेत. अमेरिकी भूशास्त्रज्ञ क्लॅरेन्स डटन याने १८८०च्या दशकात आपल्या लेखनात ते स्वीकारले आणि पुढे ते शास्त्राचेच झाले. 'ट्रॅप' स्वीडिश, 'पाहोएहोए' हवाईचा. म्हणजे लोकांच्या बोलीतले शब्द उचलण्याला शास्त्राची ना नव्हती. आपल्याकडे काय घडले? मराठीतून विज्ञान लिहिण्याची वेळ आली तेव्हा आपण बेसाल्टसाठी 'असिताश्म' असा संस्कृत शब्द घडवला. मराठी विश्वकोश आणि शासकीय परिभाषा यांचे ऋण आम्ही मानतो; त्यांच्यावाचून मराठीत शास्त्र आलेच नसते. पण विहीर खोदणाऱ्याच्या तोंडी असलेला 'मांजऱ्या' त्या पंक्तीला क्वचितच बसला. हा एक शब्द खडकाची जात सांगतो, त्याचा पाण्याशी असलेला संबंध सांगतो आणि खोदणाऱ्याला काय करावे हेही सांगतो. 'असिताश्म' फक्त रंग सांगतो.

वर लेण्यांपाशी पोहोचल्यावर याच ज्ञानाचा आणखी जुना पुरावा समोर होता. शेलारवाडीची लेणी म्हणून अभ्यासक ज्यांना ओळखतात ती हीच. मूळची बौद्ध, आज मुख्य दालनात महादेव आहे. इथल्या ब्राह्मी लेखात धेनुकाकट इथे राहणाऱ्या एका शेतकरी कुटुंबिकाच्या पत्नीने दिलेल्या दानाची नोंद आहे. कार्ल्याच्या लेखांतही धेनुकाकटचे नाव वारंवार येते. दान देणारीचे नाव दगडावर राहिले. ज्यांनी दगड कोरला त्यांचे नाही. पण त्यांची विद्या समोर दिसते. छत आणि खांब तोलायचे तर एकजीव दगड हवा आणि पिण्याच्या पाण्याची टाकी हवी तर झिरपणारी जागा ओळखता यायला हवी. भाजे, कार्ले, बेडसे इथले कारागीर थरांचे हे वाचन हातोडी-छिन्नीने करत होते. त्या अर्थाने या मुलखाचे पहिले भूशास्त्रज्ञ साइक्सच्या आधी अठराएकशे वर्षे होऊन गेले.

किल्ल्यांनीही हाच धडा वेगळ्या रीतीने गिरवला आहे. राजगड, तोरणा, लोहगड यांचे अर्धे तट निसर्गानेच घातले आहेत. प्रवाहाचा घट्ट गाभा तिथे कडा होऊन उभा आहे. याच्या उलट चाकणचा संग्रामदुर्ग भुईकोट. त्याला कड्याचा आधार नव्हता. १६६०मध्ये शाहिस्तेखानाच्या सैन्यापुढे फिरंगोजी नरसाळ्याने तो जवळजवळ दोन महिने लढवला. अखेर मोगलांनी बुरुजाखाली सुरुंग उडवून तो घेतला. मराठ्यांच्या इतिहासातला डोंगर आणि सपाटी यांचा फरक इथे एका जिल्ह्यात पाहायला मिळतो, आणि त्या फरकाच्या मुळाशी लाव्हाच आहे.

माथ्यावरून सगळा पट्टा दिसत होता: एका बाजूला पवनेचे खोरे, द्रुतगती मार्ग, गहुंज्याचे क्रिकेट मैदान, दुसरीकडे देहूरोडची छावणी आणि त्यापलीकडे धुरकट पसरलेले पिंपरी-चिंचवड. १९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९८२मध्ये महानगरपालिका झाली आणि पुढच्या दशकांत कारखान्यांची रांग चाकणच्याही पुढे गेली. या सगळ्याचा पाया, रस्ता आणि भिंत ज्या खडीची आहे ती इथल्याच डोंगरांची. मोशीच्या दगडखाणी सर्वांना ठाऊक आहेत. सर म्हणाले, "एक प्रवाह थिजायला किती वर्षं लागली त्याचा अंदाज बांधता येतो. डोंगर किती वर्षांत संपेल त्याचाही येतो." भामचंद्राच्या पायथ्याशी शिंदे-वासुली इथे होऊ घातलेल्या एका रासायनिक प्रकल्पाविरुद्ध २००८मध्ये वारकरी आणि गावकरी उभे राहिले, आंदोलन चिघळले, जाळपोळ झाली आणि अखेर तो प्रकल्प तिथे झाला नाही. त्या वेळी आमच्यासारख्यांनी तो श्रद्धेचा प्रश्न म्हणून पाहिला. आज वाटते की गावकऱ्यांची विहिरींविषयीची भीती हा 'मांजऱ्या'चा प्रश्न होता: जो दगड पाणी धरतो तो पाण्यातले सगळेच धरतो.

मात्र इथे सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह आम्ही आवरतो. आमचे महाविद्यालय त्याच खडीच्या काँक्रीटचे आहे. त्या विद्यार्थ्याची फी खाणीच्या मजुरीतून आली आहे. वाघोलीच्या खाणीत सापडलेल्या निळ्याशार कॅव्हन्साइटमुळे पुण्याचे नाव जगभरच्या खनिजसंग्राहकांच्या तोंडी आहे, आणि खाण नसती तर तो दिसलाही नसता. डोंगर फोडणाऱ्यालाच डोंगर सर्वांत जास्त कळतो, ही यातली खरी अडचण आहे. आमची तक्रार खाणीपेक्षा स्वतःविरुद्ध अधिक आहे. तुकोबांचा डोंगर आम्ही वीस वर्षे 'एकांत' या एका शब्दात शिकवला. तो कशाचा आहे हे आम्ही विचारले नाही. म्हणून तो उणा होत गेला तेव्हा आमच्या वाचनात काही उणे झाले असे आम्हांला वाटलेच नाही.

उतरण्याआधी सरांनी त्या मुलीच्या प्रश्नाकडे मोर्चा वळवला. दख्खनचा हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, डायनोसॉरांच्या अंताच्या सुमाराचा. २०१९मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या दोन संशोधनांनी प्रवाहांची वये बारकाईने मोजली. उद्रेक दहा लाख वर्षांच्या आसपासच्या काळात आटोपले याबद्दल त्यांचे साधारण एकमत होते. परंतु सर्वांत मोठी भर अशनीच्या आघाताआधी पडली की नंतर, यावर त्यांचे निष्कर्ष वेगळे आले. "म्हणजे या ग्रंथाची पाने लागली आहेत, पण अर्थावर अजून वाद आहे. तुमच्या गाथेसारखंच," सर म्हणाले. अटीतले दोन तास संपले होते, आणि तुकोबांचे नाव काढण्याची पहिली संधी त्यांनीच घेतली! मग मुलीकडे वळून ते म्हणाले, "मुख विचारत होतीस ना? तू उभी आहेस तो सगळा देहच आहे. तोंड मिटलंय."

जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पश्चिम महाराष्ट्रातल्या प्रवाहांच्या गटांना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जी नावे दिली आहेत, त्यांत कार्ला आहे, दिवेघाट आहे, पुरंदरगड आहे, आणि एका गटाचे नाव इंद्रायणी आहे. ज्या नदीत गाथा बुडवली आणि जिने ती परत दिली असे परंपरा सांगते, तिचे नाव शास्त्रज्ञांनी दगडालाही दिले. हे नाव आमच्या एकाही विद्यार्थ्याला माहीत नव्हते; आम्हांलाही नव्हते.

या वर्षीपासून आम्ही पत्रिकेत एक छोटे काम जोडले आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातल्या विहीर खोदणाऱ्या, पाथरवट किंवा खाणीवरच्या माणसाकडून दगडमातीचे शब्द अर्थांसह लिहून आणायचे. यादी अजून लहान आहे. पहिल्या पानावर 'मांजऱ्या' आहे, आणि तो शब्द ज्याने दिला त्या विद्यार्थ्याच्या आजोबांचे नाव आम्ही त्याच्यासमोर लिहून ठेवले आहे.